उधारीच्या वहीतला माझा आजार

गेल्या गुरुवारच्या आमसभेची ती क्लिप तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. नसेल पाहिली तर सांगतो. मी माईक घेऊन उभा आहे आणि विचारतोय, की स्टँडमागचं सार्वजनिक शौचालय बांधून, फीत कापून, फोटो छापून चौदा महिने झाले, तरी त्याला कुलूप का? साहेब उत्तर द्यायला उठतात, फाईल उघडतात, आणि नेमक्या त्याच वेळी मी माईक शेजारच्याच्या हातात कोंबतो आणि दाराकडे पळत सुटतो. मागून हशा. खाली कुणीतरी लिहिलंय, 'प्रश्न विचारून पत्रकार फरार. पाकीट पोचलं वाटतं.'

क्लिप तीन ग्रुप फिरून माझ्याकडेच आली. एकानं तर हसण्याच्या इमोजीसकट विचारलं, 'साहेब, कितीला मिटलं?' वीस वर्षं या तालुक्यात बातम्या करतोय. जाहिरातीसाठी लोकांच्या दारात तासन् तास बसलोय, नको त्या वाढदिवसांच्या पुरवण्या काढल्यात, ते नाकारत नाही. पण विचारलेला प्रश्न विकला नाही कधी. म्हणून आज लिहायला बसलो. पोस्ट लांब आहे आणि जेवताना वाचायची नाही, हे आधीच सांगतो.

मी पळालो कारण मला संडासला लागली होती. बास, एवढंच. सभागृहाच्या बाथरूममध्ये जुने बॅनर आणि मोडक्या खुर्च्या कोंबलेल्या. बाहेर आलो तर समोर ते कुलूपवालं. ज्याच्याबद्दल मी दोन मिनिटांपूर्वी विचारत होतो तेच. शेवटी मागच्या गल्लीत शिरलो. एक आजी दारात लसूण सोलत बसल्या होत्या. ओळख ना पाळख. मी नुसतं 'आजी, बाथरूम...' एवढंच म्हणालो. त्यांनी मान वर न करता सांगितलं, 'मागं हाय. बादली भरल्याली हाय.' परत सभागृहात आलो तोवर पाणीटंचाई आराखड्यावर चर्चा चालू होती. शौचालयाचं उत्तर काय मिळालं ते मला अजून माहीत नाही.

आता खुलासा. माझ्या पोटात मोठं आतडं नाहीये. २०१६ साली काढून टाकलं. ही गोष्ट घरचे, दोन मित्र आणि डॉक्टर सोडले तर कुणाला माहीत नव्हती. आज तुम्हाला सांगतोय.

आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराचीच संरक्षण यंत्रणा मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. जखमा, रक्त, दिवसाला पंधरा-वीस वेळा जाणं. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच आजार होता. त्यांनी २००७ साली आणि पुन्हा २०२० साली प्रकृतीच्या कारणानं पद सोडलं, ते याच्यामुळं. माझं निदान झालं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. आठ वर्षं गोळ्या आणि स्टेरॉईड. तोंड सुजून असं गोल झालेलं की लोक म्हणायचे, पत्रकारिता मानवली बरं का तुम्हाला.

औषधं थकली तेव्हा ऑपरेशन. मोठं आतडं आणि मलाशय काढतात. मग लहान आतड्याचं शेवटचं टोक दुमडून, शिवून, त्याची एक पिशवी करतात आणि ती खाली गुदद्वाराला जोडतात. दुमडल्यावर आकार इंग्रजी जे सारखा दिसतो म्हणून जे-पाऊच. १९७८ साली लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या पार्क्स आणि निकोल्स या सर्जननी अशा पिशवीची पद्धत मांडली आणि १९८० साली जपानच्या उत्सुनोमिया यांनी तिला हा जे आकार दिला. त्याच्या आधी बहुतेकांना जन्मभर पोटावर बाहेरची पिशवी लावून राहावं लागायचं. (पाऊच म्हटलं की आपल्याकडं लोकांना गुटखा आठवतो. ऑपरेशननंतर भेटायला आलेल्या एका मामांना मी 'पाऊच बसवलाय' म्हणालो तर ते म्हणाले, 'आधी तो सोड.')

माझं तीन टप्प्यांत झालं. मधले महिने पोटावर पिशवी होतीच. शेवटचं ऑपरेशन डिसेंबर २०१६ चं, म्हणजे ऐन नोटाबंदीत. शर्टाच्या आत पिशवी आणि मी बँकेच्या रांगेत. रांग पुढं सरकेना आणि पिशवी भरत आलेली. मॅनेजरला आजार सांगून पुढं जाता आलं असतं. सांगितला नाही. सांगायची लाज ही माझी जुनी सवय आहे, आणि पुढचं सगळं रामायण त्याच सवयीतून झालंय.

ऑपरेशननं मला आयुष्य परत दिलं, हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून कुणी घाबरेल. आधी दिवसाला वीस वेळा जाणारा माणूस सहा वेळांवर आला. रात्री एकदा. थोपवता यायला लागलं. एसटीनं फिरायला लागलो, मतमोजणीच्या केंद्रावर दिवसभर थांबायला लागलो. जे-पाऊचवाल्याचं नॉर्मल हेच. तुमच्यासारखं एकदा जाऊन दिवसभर मोकळं, असं होत नाही.

पण या पिशवीचा स्वतःचा एक आजार आहे. पाऊचायटिस. पिशवीला सूज येते. लहान आतडं हे काही साठवणीसाठी बनलेलं नाही. तिथून माल पुढं जात राहायचा, थांबायचा नाही. आता तिथंच मळ साठतो, जंतूंचं गणित बदलतं, आणि ज्या संरक्षण यंत्रणेनं मोठं आतडं जाळलं ती इथंही भडकते. गंमत अशी की आनुवंशिक गाठींच्या आजारासाठी ज्यांना हेच ऑपरेशन करावं लागतं, त्यांना पाऊचायटिस फार कमी होतो. कोलायटिसवाल्यांत मात्र जवळपास निम्म्यांना कधी ना कधी एकदा तरी होतोच. बहुतेकांचा दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिकनं जातो. काहींचा परत परत येतो. मी या 'काहीं'मधला.

झटका आला की कसं असतं? सहाचे चौदा होतात. पोटात पिळवटून येतं. बारीक ताप, अंग मोडून आल्यासारखं, सांधे दुखतात. आणि मुख्य म्हणजे थोपवता येत नाही. लागली म्हणजे लागली, दोन मिनिटं हातात. रात्री झोपेत कपडे खराब होतात. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस पहाटे तीनला आवाज न करता चादर धूत असतो. बायकोला जाग आलेली असते, पण ती झोपल्याचं सोंग करते. मला ते माहीत असतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही.

पहिला झटका २०१८ च्या फेब्रुवारीत आला. पुण्याला गेलो. डॉक्टर मॅडमनी दुर्बीण घातली, तुकडा तपासायला पाठवला, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन ५०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी फरक. जादू वाटली. दुसऱ्या झटक्याला फोनवर विचारलं. तिसऱ्या वेळी मात्र विचारायचं काय, मला माहीतच होतं की!

पुणं इथून चार तास. जाऊन-येऊन एक दिवस, गाडीभाडं, तपासणी फी, दुर्बिणीचा खर्च, आणि त्या दिवसाची बातमी गेली ती वेगळी. आणि इथं कोपऱ्यावर मेडिकल, ते चालवणारा माझा शाळेतला बेंचमेट. 'अरे, ती सिप्रो दे रे दहा.' त्यानं कधी चिठ्ठी मागितली नाही, मी कधी दाखवली नाही. कधी दहा, कधी सहा. बरं वाटलं की थांबायचं, उरलेल्या गोळ्या बॅगेच्या चोरकप्प्यात. सरकारी योजना असतात त्या ॲडमिट होणाऱ्यासाठी. रोजच्या गोळ्या, दर काही महिन्यांची तपासणी, याला त्यात जागा नसते. त्यामुळं स्वस्तात पडेल ते माणूस करतो. मी केलं.

आता कबुली. नोव्हेंबर महिन्यात अँटिबायोटिक जपून वापरा असा एक जागतिक आठवडा पाळतात. त्या निमित्तानं तीन वर्षांपूर्वी मी दोन भागांची बातमी केली होती, 'चिठ्ठीविना विक्री जोरात, जंतू झाले शिरजोर'. तालुक्यातल्या पाच दुकानांत जाऊन बघितलं, सगळीकडं चिठ्ठीशिवाय मिळाल्या. चांगली गाजली. त्या पाचांत माझ्या मित्राचं दुकान नव्हतं, आणि बातमी टाईप करताना सिप्रोची पट्टी माझ्याच बॅगेत होती. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात गणित बिघडलं. झटका आला, गोळ्या चालू केल्या, सहावा दिवस उजाडला तरी फरक नाही. शिवाय उजव्या टाचेच्या वर, मागं जी जाड शीर असते तिथं दुखायला लागलं. मला वाटलं गाडीची किक मारून असेल. त्यासाठी दुकानातूनच डायक्लोफेनॅक घेतली. चार दिवस खाल्ली. पोट आणखी बिघडलं. शेवटी रक्त दिसलं, तेव्हा बायको म्हणाली, 'आता तुम्ही पुण्याला चला, नाहीतर मी दुकानात जाऊन तमाशा करते.' तिला दुकानाचं माहीत होतं. मला वाटायचं माहीत नाही.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, 'वर्षभरात किती कोर्स झाले?'

मी म्हणालो, 'चार... पाच असतील.'

'नक्की?'

नक्की काय सांगणार? मग आठवलं की मी सगळं उधारीवर घेतो. मित्राला फोन लावला. त्यानं वहीची पानं काढली, फोटो काढून पाठवले. माझं नाव, खाली तारखा. 'सिप्रो १०.' 'सिप्रो १०, मेट्रो १५.' 'ओआरएस ५.' 'सिप्रो ६.' असं करत करत बारा महिन्यांत अकरा वेळा. मॅडमनी माझा मोबाईल घेतला, फोटो मोठा करून एकेक ओळ वाचली, आणि स्वतःच्या कागदावर तारखा उतरवून घेतल्या. म्हणाल्या, 'माझ्या फाईलपेक्षा ही वही बरी आहे.' शेवटच्या ओळीवर बाकी १,३४० लिहिलं होतं. ते त्यांनी वाचलं की नाही माहीत नाही.

मग जे कळलं ते जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या तालुक्यात आतड्याच्या आजाराचे रुग्ण मी एकटा नक्की नाही. मी डॉक्टर नाही. हे वाचून कुणी गोळी सुरू करू नका आणि बंदही करू नका.

पहिली गोष्ट, टाच. सिप्रोच्या गटातल्या औषधांनी शिरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे ते जाड दोर, सुजू शकतात, क्वचित तुटूही शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ सालीच याबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावलाय. किकचा काही संबंध नव्हता, किंवा असलाच तर थोडा. दुसरी गोष्ट, त्या टाचेसाठी घेतलेली डायक्लोफेनॅक. त्या जातीची वेदनाशामकं पाऊचला भडकवू शकतात. म्हणजे पोटासाठी घेतलेल्या गोळीनं टाच गेली आणि टाचेसाठी घेतलेल्या गोळीनं पोट गेलं. दोन्ही गोळ्या एकाच काउंटरवरून, एकाच वहीत.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. वेळा वाढल्या म्हणजे दर वेळी पाऊचायटिसच असतो असं नाही. अँटिबायोटिक जास्त झाल्यावर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू माजतो, त्याची लक्षणं अशीच आणि उपाय वेगळा. कधी पिशवीच्या खाली राहिलेल्या मलाशयाच्या पट्टीलाच सूज असते. कधी क्रोन्स निघतो. कधी नुसता जोड आवळलेला असतो. लक्षणावरून ओळखता येत नाही. शौचाची तपासणी लागते, दुर्बीण लागते, तुकडा लागतो. माझी जंतूची तपासणी निगेटिव्ह आली, क्रोन्सही नाही. पिशवीला सूज होती, ती खरीच. पण जोडही आवळलेला निघाला. त्यामुळं पिशवी पूर्ण रिकामी होत नव्हती, थोडं थोडं सारखं जावं लागत होतं. मॅडमनी तो रुंद करून दिला. दोन दिवसांत निम्मा त्रास गेला, एकही गोळी न खाता.

मग त्या अकरा वेळांमधले खरे पाऊचायटिस किती आणि उगाच खाल्लेल्या गोळ्या किती? ते आता कुणीच सांगू शकत नाही. तारीख वहीत आहे, कारण नाही.

सध्या काय चालू आहे तर, सिप्रो माझ्यासाठी बंद. दुसऱ्या गटातली अँटिबायोटिक, आधी पूर्ण कोर्स, मग कमीत कमी डोसवर रोज. ज्यांचा त्रास गोळी बंद केली की लगेच उलटतो त्यांना असं ठेवावं लागतं. मी हे ऐकून म्हणालो, 'म्हणजे मॅडम, मी खात होतोच की!' त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'फरक आहे. तुम्ही आग लागली की पाणी मारत होता, कधी अर्धी बादली, कधी पाव. जंतू त्यातच शिकतात.' मेट्रोनिडाझोल लांबवायची नाही, पायाला मुंग्या येऊन नसा खराब होऊ शकतात. शिवाय तोंडाला ती लोखंड चाटल्यासारखी चव, ती ज्यांनी घेतली त्यांनाच माहीत. चांगल्या जंतूंच्या पुड्या दिल्यात, त्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात. आपल्याकडं लाईट गेली की मी आधी फ्रिजचं दार कुणी उघडू नका म्हणून ओरडतो, मुलीला वाटतं आईस्क्रीम आणलंय.

यानं नाही भागलं तर वेडोलिझुमॅब नावाचं औषध आहे. सलाईनमधून देतात, सुरुवातीच्या डोसनंतर दर आठ आठवड्यांनी. जुनाट पाऊचायटिसच्या १०२ रुग्णांवर त्याची चाचणी झाली, २०२३ मध्ये निकाल छापून आला. चौदा आठवड्यांनी औषधवाल्यांत ३१ टक्के शांत झाले, नुसतं सलाईन दिलेल्यांत १० टक्के. रामबाण नाही, पण काहीतरी आहे. खर्च ऐकून मी विषय बदलला. अगदीच काही चाललं नाही तर पिशवी काढून पुन्हा पोटावर बाहेरची पिशवी. हे वाक्य मी इथं शांतपणे लिहितोय, पण मॅडमच्या तोंडून ऐकलं त्या दिवशी स्वारगेटला गाडी लागेपर्यंत मी आणि बायको एक शब्द बोललो नाही.

घरातलं जमलंय आता. भात, ज्वारीची मऊ भाकरी, केळ, दही, साय काढलेलं ताक. मक्याचं कणीस बंद, शेंगदाणा अख्खा बंद, म्हणून एकादशीला माझी साबुदाण्याची खिचडी बिनकुटाची असते, आणि आई अजूनही म्हणते की ही खिचडीच नव्हे. मोठं आतडं नाही म्हणजे पाणी आणि मीठ धरून ठेवणारं कुणी नाही. उन्हाळ्यात नुसतं पाणी ढोसून भागत नाही. ओआरएस, मीठ घातलेली पेज, ताक. एप्रिलमधल्या प्रचारसभा मी ओआरएसच्या बाटलीवर काढल्यात. लोकांना वाटायचं पत्रकार सरबत पितोय. आणि एका बाबतीत आपण भाग्यवान. आपल्याकडं पाण्यानं धुतात. कागदानं पुसणाऱ्या देशांतले पाऊचवाले कातडी जळण्यानं काय हैराण होत असतील! फक्त पाणी असायला पाहिजे, आणि पाण्याला लागून दार, आणि दाराला कुलूप नसायला पाहिजे.

म्हणजे आलो परत तिथंच.

माझ्या डोक्यात या गावाचा एक नकाशा आहे. त्यात देऊळ, बँक, चौक नाहीत. त्यात फक्त संडास आहेत. तहसीलचा चालू, पण पाणी नाही. कोर्टाचा चांगला, पाचनंतर बंद. पेट्रोल पंपाचा आहे, किल्ली मॅनेजरकडं, मॅनेजर जेवायला. दवाखान्याचा रात्रीही उघडा, देव त्यांचं भलं करो. स्टँडवरचा जुना पाडला, कारण नवा बांधला. नवा उघडला नाही. मी बातमीला कुठं जायचं हे आठ वर्षं याच नकाशावरून ठरवलंय. २०१९ च्या निवडणुकीत मला मतदारसंघाच्या दौऱ्यावर उमेदवाराच्या गाडीतून पाच दिवस जायची संधी होती. 'घरगुती अडचण' सांगून नाकारली. माझ्याऐवजी जो गेला तो आज जिल्ह्याला आहे.

पण माझं सोडा. मी पुरुष आहे, अगदीच वेळ आली तर झाडामागं जाईन. कॉलेजला येणाऱ्या पोरी सकाळी सातच्या गाडीनं येतात आणि संध्याकाळी पाचला घरी पोचतात. परवा एक कंडक्टर ताई म्हणाल्या, 'दादा, आम्ही ड्युटीवर पाणीच पीत नाही.' सहज म्हणाल्या, तिकीट द्यावं तसं. त्या ताईंना काही आजार नाही. आजार होईल तो याच्यातून होईल.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात ॲली बेन नावाची चौदा वर्षांची मुलगी होती, क्रोन्सची रुग्ण. एका दुकानानं तिला आतलं बाथरूम वापरू दिलं नाही आणि भर दुकानात तिची फजिती झाली. ती आईबरोबर आमदाराकडं गेली, आणि २००५ साली कायदा झाला. असा आजार असलेल्या माणसानं मागितलं तर दुकानदारानं कर्मचाऱ्यांचं बाथरूम वापरू द्यायचं. नंतर इतर राज्यांनीही तसेच कायदे केले. आपल्याकडं दिव्यांगांसाठी २०१६ चा कायदा आहे, त्यात एकवीस प्रकार आहेत. आतड्याचे हे आजार त्यात नाहीत. मला दाखला नको आहे, पण सवलत नको म्हणणं वेगळं आणि यादीतच नसणं वेगळं. आणि पैसे नाहीत, जमत नाही, असंही मला कुणी सांगू नका. वारीत लाखो माणसं चालतात आणि निर्मल वारीची फिरती शौचालयं मुक्कामाच्या गावी रांगेत उभी असतात, मी स्वतः बातमी केलीय. मनात आलं तर होतं.

आता शेवटची एक गोष्ट, ती लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

दीड वर्षापूर्वी शेजारच्या तालुक्यातले एक गृहस्थ ऑफिसला आले होते. मुलगी एकोणीस वर्षांची, कोलायटिस, डॉक्टरांनी हेच ऑपरेशन सांगितलेलं. त्यांना पेपरात मदतीचं आवाहन छापायचं होतं. फॉर्म भरून झाल्यावर उठता उठता त्यांनी विचारलं, 'साहेब, तुमची एवढी ओळख. हे ऑपरेशन झालेलं कुणी तुम्हाला माहीत आहे का? म्हणजे नंतर माणूस कसा जगतो, पोरीच्या लग्नाचं काय, एवढं विचारायचं होतं.'

मी म्हणालो, 'नाही हो. चौकशी करतो.'

त्यांच्यासमोर टेबलापलीकडं बसून मी हे म्हणालो. आवाहन छापलं, तीन कॉलम, फोटोसकट. नंतर त्यांचा फोन आला नाही आणि मीही केला नाही.

ते गृहस्थ फेसबुकवर आहेत की नाही मला माहीत नाही. त्यांच्या ओळखीचं कुणी हे वाचत असेल तर त्यांना सांगा की मला तेव्हाही माहीत होतं. सांगा की माणूस जगतो, नोकरी करतो, मला मुलगी ऑपरेशननंतर झाली. पण मी पुरुष, माझ्यावरून हिशेब करू नका. मुलींच्या बाबतीत ओटीपोटात ऑपरेशननंतर जे चिकटतं त्यानं दिवस राहायला अडचण येऊ शकते, दुर्बिणीतून केलं तर ती कमी होते असं म्हणतात, आणि कुठला टप्पा कधी करायचा हे त्या दृष्टीनंही ठरवता येतं. हे सर्जनना आधी, तोंडावर, न लाजता विचारायचं. पाऊचायटिसचंही विचारायचं. आणि मेडिकलमधून आपल्या मनानं काही घ्यायचं नाही. माझा नंबर ऑफिसच्या पाटीवर आहे. कधीही फोन करा म्हणावं, पहाटे तीनलाही चालेल, मी बहुधा जागा असतो.

मेडिकलवाल्या मित्राला परवा सांगितलं, की यापुढं मला चिठ्ठीशिवाय काही दिलंस तर तुझी बातमी करीन. तो म्हणाला, 'आधी उधारी दे, मग बातमी कर.' दिली. १,३४० रुपये. वहीतलं माझं पान त्यानं मला फाडून दिलं, ते मॅडमनी लावलेल्या नव्या डायरीत ठेवलंय. डायरीत रोजच्या वेळा, ताप, रक्त, काय खाल्लं, कुठली गोळी, सगळं लिहायचं असतं. आज सहा, रात्रीची धरून. ताप नाही.

ज्यांनी क्लिप फिरवली त्यांच्यावर राग नाही. फक्त ज्या ग्रुपवर ती टाकली त्याच ग्रुपवर ही पोस्टही टाका. पाकिटाचं म्हणाल तर त्या दिवशी माझ्या खिशात ओआरएसचं एक पाकीट होतं, तेही माझ्याच पैशांचं.

आणि साहेब, तुमचं उत्तर राहिलं. मी सोमवारी माहिती अधिकारात अर्ज देतोय. शौचालयाचा ठेका कुणाला दिला, देखभालीसाठी आजवर किती रक्कम निघाली, पाण्याची जोडणी झाली का, आणि किल्ली कुणाकडं आहे. तीस दिवस तुमचे. उत्तर आलं की जसंच्या तसं इथं टाकतो.

आत्ता संध्याकाळी सव्वासातला स्टँडवरून येताना बघितलं. कुलूप आहे. त्याला आता दुसरं, मोठं लावलंय.